तांड्याची होळी : धारूरच्या बालाघाटातील लेंगी आणि लदेणीचे पंचांग

बीड शहराच्या आग्नेयेस, बालाघाटाच्या डोंगररांगेची कड जिथे गोदावरीच्या खोऱ्याकडे तुटते, तिथे धारूर वसलेले आहे. उत्तरेला घाट उतरून तेलगाव आणि माजलगावकडे निघाले की काळी जमीन लागते, तर दक्षिणेला केजकडे पठार हळूहळू मांजरेच्या बाजूला कलत जाते. किल्ला, जुनी पेठ आणि सीताफळे यांसाठी हा भाग मराठवाड्यात ओळखला जातो. याच डोंगरउतारांवर आणि गायरानांच्या कडेला, मुख्य गावठाणापासून काहीसे अंतर राखून, बंजारा समाजाच्या वस्त्या आहेत. या वस्तीला तांडा म्हणतात. पूर्वी तांडा म्हणजे मालवाहू बैलांचा फिरता काफिला आणि त्यासोबत चालणारी माणसे, असा अर्थ होता. बैल गेले, फिरणे थांबले आणि नाव वस्तीला चिकटले. या तांड्यांवर फाल्गुनात डफाच्या तालावर, कडे करून, जी गाणी म्हटली जातात आणि ज्यांच्यावर स्त्री-पुरुष नाचतात, त्यांना लेंगी म्हणतात. लेंगी हा मारवाडकडचा मूळ प्रदेश सोडून शेकडो मैल दक्षिणेला आलेल्या लोकांचा वारसा आहे, हे सर्वमान्य आहे. मात्र तिचा इतिहास शोधू गेल्यास तो मारवाडात कमी आणि बैलांच्या वाटांवर अधिक सापडतो.

धारूरचा किल्ला हा त्या वाटांवरचा एक मोठा टप्पा होता. सध्याच्या किल्ल्याची उभारणी १५६७ च्या सुमारास विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहाचा सरदार किश्वरखान लारी याने केली. तालिकोटच्या लढाईला तेव्हा दोनच वर्षे झाली होती आणि विजयनगरविरुद्ध एकत्र आलेल्या दख्खनी सुलतानांचे आपसांतले वैर पुन्हा उफाळले होते. त्यामुळे निजामशाहीच्या अंगावर असा किल्ला उभा राहणे अहमदनगरला मानवणारे नव्हते. मुर्तझा निजामशहाने धारूरवर चाल केली, किश्वरखान मारला गेला, किल्ला निजामशाहीकडे आला आणि त्याला फतेहाबाद हे नाव मिळाले. पुढे मोगल काळात टाकसाळीच्या नाण्यांवरही फतेहाबाद-धारूर हे नाव आढळते. टाकसाळ असलेले ठिकाण म्हणजे व्यापाराचे ठिकाण, आणि धारूरच्या बाबतीत याला इतिहासकारांचाही दुजोरा आहे. शाहजहानच्या दख्खन मोहिमेत, १६३१ च्या आरंभी, मोगल सरदार आझमखान याने धारूर घेतले, त्या प्रसंगाचे वर्णन करताना मोगल इतिहासकार किल्ल्याच्या दोन्ही अंगांच्या खोल दऱ्यांबरोबरच तटाखालच्या पेठेचा आणि तिथे भरणाऱ्या आठवडी बाजाराचाही उल्लेख करतो. त्या बाजाराला आसपासच्या कित्येक कोसांवरून लोक येत. दऱ्या पाहून जो सेनापती थबकला असता, त्याला बाजार पाहून मोह पडला, असाच त्या वर्णनाचा रोख आहे.

ही मोहीम ज्या काळात चालू होती तो १६३० ते १६३२ चा काळ दख्खन आणि गुजरातमधील भीषण दुष्काळाचा होता. उभे पीक नसलेल्या मुलखातून सैन्य न्यायचे तर दाणागोटा दूरवरून आणणे भाग होते आणि ते काम बंजारे करीत. मालवाहतुकीच्या या धंद्याला त्यांच्या बोलीत लदेणी म्हणतात. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबतील अशा गोणी टाकायच्या, गोणीत धान्य किंवा मीठ भरायचे आणि चरत-चालत मजल दरमजल करीत बाजार किंवा छावणी गाठायची, असा तो धंदा. गाडीला रस्ता लागतो, पाठीवरच्या ओझ्याला पायवाट पुरते. बालाघाटासारख्या घाटमाथ्याच्या प्रदेशात या फरकाला फार मोल होते. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात बंजाऱ्यांची नोंद केली असून ते हजारो बैल बाळगतात, खेड्यांतले धान्य शहरांत आणतात आणि फौजांबरोबर चालतात, असे तो सांगतो. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ मध्ये उत्तर हिंदुस्थानात चौदा हजार बैलांचा एक तांडा वाटेत भेटला होता. दीडशेहून अधिक वर्षांनी, १८०३ मध्ये, सध्याच्या जालना जिल्ह्यातील असईच्या लढाईपर्यंत येऊन पोहोचलेल्या आर्थर वेलस्लीच्या फौजेचा धान्यपुरवठाही मोठ्या प्रमाणात बंजाऱ्यांवरच अवलंबून होता.

समाजाच्या स्मृतीत या काळाचा सर्वांत ठळक ठसा जंगी आणि भंगी या दोन नायकांच्या कथेत उमटला आहे. वऱ्हाडातील वणी जिल्ह्याचा इंग्रज अधिकारी कंबरलेज याने १८८२ मध्ये बंजाऱ्यांविषयी जे लिहिले, त्यात ती नोंदलेली आहे. शाहजहानचा वजीर आसफ जाह १६३० च्या सुमारास दख्खनवर आला, तेव्हा त्याच्या फौजेबरोबर राठोड कुळातील जंगी-भंगी यांचे एक लाख ऐंशी हजार आणि वडतिया कुळातील भगवानदासाचे बावन्न हजार बैल होते, असे ती परंपरा सांगते. बैल फौजेच्या बरोबरीने पुढे राहावेत म्हणून वजिराने सोन्याच्या अक्षरांचा ताम्रपट दिला आणि त्यात कोणाच्याही रांजणातले पाणी, कोणाच्याही छपराचे गवत घेण्याची मुभा, शिवाय दिवसाला तीन खुनांची माफी दिली, अशी ही कथा आहे. बैलांचे आकडे अक्षरशः घेण्याजोगे नाहीत. ताम्रपटातल्या सवलतींचा क्रम मात्र विचार करण्यासारखा आहे: खुनाची माफी शेवटी येते, आधी पाणी आणि चारा येतो. लाखभर बैल घेऊन दुष्काळी मुलखातून जाणाऱ्या माणसाला सनदेत प्रथम काय लिहून हवे असेल, हे ज्याने ही कथा रचली त्याला नेमके ठाऊक होते.

लदेणीचे वर्ष दोन भागांत विभागलेले असे. दसरा-दिवाळीनंतर वाटा सुकल्या, नद्यांचे पाणी ओसरले की तांडे निघत आणि उन्हाळा संपेपर्यंत फिरत राहत. पावसाळ्यात काळ्या जमिनीत ओझ्याचा बैल रुतत असल्याने आणि नद्या ओलांडता येत नसल्याने, गायरान व पाणी पाहून एखाद्या माळावर मुक्काम पडे. बंजाऱ्यांचे जे दोन सण सर्वांत अधिक गाण्यानाचण्याचे आहेत, ते वर्षाच्या या दोन भागांत एकेक असे पडलेले आहेत. तीज श्रावणात, म्हणजे मुक्कामाच्या दिवसांत येते. होळी फाल्गुनात, म्हणजे ऐन चालीच्या दिवसांत येते. या सणांचे विधी बारकाईने पाहिल्यास पहिला थांबलेल्या माणसांचा आणि दुसरा चाललेल्या माणसांचा सण आहे, असे अनुमान काढण्यास जागा आहे.

तीजेच्या वेळी तांड्यातील अविवाहित मुली नायकाची, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाची, परवानगी घेऊन टोपल्यांत माती आणि शेणखत भरतात, त्यात गहू पेरतात आणि नऊ दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी आणून घालतात. राखीपौर्णिमेच्या आसपास पेरलेला हा गहू गोकुळाष्टमीच्या सुमारास वीतभर उंच होतो. या नऊ दिवसांत टोपल्यांभोवती फेर धरून गाणी म्हटली जातात आणि शेवटी ते कोवळे रोप उपटून वडीलधाऱ्यांना व भावांना दिले जाते, उरलेले पाण्यात सोडले जाते. पेरणी, पाणी, उगवण आणि कापणी असा शेतीचा सगळा व्यवहार इथे टोपलीत होतो. ज्यांच्याकडे शेत नव्हते आणि वर्षातले चारच महिने ज्यांना एका जागी पाणी घालता येत होते, त्यांच्याच सणात हे घडावे, ही गोष्ट लक्षणीय आहे.

होळीला यातले काही लागत नाही. डफ, थाळी किंवा झांज आणि माणसे एवढ्यावर ती उभी राहते आणि ही सामग्री कोणत्याही माळावर, कोणत्याही मुक्कामी मिळते. होळीच्या आधी पंधरा दिवस ते महिनाभर रात्री जेवणे उरकली की लेंगी सुरू होते. प्रथम नायकाच्या दारात जाऊन होळी खेळण्याची परवानगी मागावी लागते आणि ती मागणीही गाण्यातून केली जाते. होळीत पुढाकार घेणाऱ्या पुरुषांना गेरिया आणि स्त्रियांना गेरणी म्हणतात. सणाची व्यवस्था, लाकूड-गोवऱ्या गोळा करणे, घरोघरचे मान सांभाळणे ही कामे गेरियांकडे असतात. एरवी तांड्याचा कारभार नायक आणि त्याचा मदतनीस कारभारी यांच्याकडे असतो आणि तंटे तांड्याच्या पंचायतीत, जिला नसाब म्हणतात, तिथे सुटतात. होळीच्या दिवसांत नायकाची थट्टा करण्याची, कारभाऱ्याला टोमणे मारण्याची मुभा असते. परंतु ती मुभासुद्धा नायकाकडूनच मागून घ्यावी लागते, ही या व्यवस्थेतली खोच आहे.

लेंगीच्या नाचात पुरुषांचे कडे वेगळे आणि स्त्रियांचे वेगळे असते. डफवाला कड्याच्या मध्ये किंवा तोंडाशी उभा राहतो. एकजण ओळ टाकतो, बाकीचे ती उचलतात आणि उचलताना कडे एका अंगाला सरकते. स्त्रिया कमरेतून पुढे वाकतात, टाळी देतात, सरळ होताना अर्धे वळण घेतात आणि पुन्हा वाकतात. हालचाली मोजक्याच असल्या तरी त्यांचे वजन पोशाखात असते, आणि इथे वजन हा शब्द सरळ अर्थाने घ्यावा लागतो. फेटिया हा अनेक तुकडे जोडून केलेला घेरदार घागरा, आरसे आणि कवड्या लावलेली, पाठीवर बंदांनी बांधलेली काचळी, डोक्यावर भरतकामाची टुकरी, कानांच्या वर केसांत गुंफलेल्या आणि गालांवर लोंबणाऱ्या घुगरी-टोपली, दंडापर्यंत भरलेल्या बलिया, पायांत जाड कडी, असा तो साज आहे. घुगरी-टोपली हे सौभाग्याचे लेणे असल्याने ती विवाहित स्त्रियाच घालतात. वाकताना टोपल्या पुढे येतात, उठताना मागे जातात, बलिया एकमेकींवर आपटतात आणि डफाखाली आणखी एक ताल चालू राहतो. या नाचात घुंगरू वेगळे बांधावे लागत नाहीत. हा साज जुन्या काळी कुटुंबाची साठवलेली मालमत्ताही होता. सतत चालणाऱ्या माणसाला घर बांधता येत नाही, जमीन घेता येत नाही, तेव्हा जे काही कमावले ते बैलाच्या पाठीवर किंवा बायकोच्या अंगावरच असणार.

लेंगीच्या गाण्यांत कृष्ण आणि राधा असतात, सेवाभाया म्हणजे अठराव्या शतकातील संत सेवालाल महाराज असतात, दीर-भावजयींची थट्टा असते आणि त्या-त्या वर्षी तांड्यात जे गाजले त्याचाही समाचार घेतलेला असतो. शृंगार उघडा असतो. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अधिकाऱ्यांनी आणि नंतरच्या शहरी सुधारकांनीही या उघडेपणाला नाके मुरडली. हाच न्याय लावायचा तर महाराष्ट्रातील गावोगावच्या शिमग्याचे काय, हा प्रश्न त्यांच्यापैकी फार थोड्यांना पडला.

गावाची होळी पौर्णिमेच्या संध्याकाळी पेटते, तर तांड्याची दुसऱ्या दिवशी पहाटे. रात्रभर लेंगी चालते आणि झुंजूमुंजू होण्याच्या सुमाराला होळीला अग्नी दिला जातो. त्यानंतर त्या दिवसाचा मुख्य विधी होतो, त्याला धुंड म्हणतात. मागच्या होळीनंतर ज्या घरी मुलगा जन्माला आला असेल त्या घरासमोर सगळा तांडा जमतो. मुलावर कापडाचे छत धरले जाते, गेरिया त्यावर काठी आडवी धरतात, इतर जण तिच्यावर काठ्या आपटत आशीर्वादाची गाणी म्हणतात आणि मुलाला तांड्याचा माणूस म्हणून मान्यता मिळते. मुलींचा धुंड होत नाही, हे इथे नोंदवले पाहिजे. दुपारनंतर खुंट्याचा खेळ होतो. जमिनीत खुंट रोवून त्याला गोडधोडाची भांडी दोरखंडांनी जखडून बांधतात. काठ्या घेतलेल्या गेरणी त्याभोवती पहारा करतात आणि गेरियांनी काठ्यांचा मार चुकवत खुंट उपटून भांडी पळवायची असतात. मार लुटुपुटीचा नसतो. पाठीवर वळ घेऊन जिंकलेला घास नंतर सगळ्यांत वाटला जातो. धान्याचा तळ राखणे आणि लुटणे हा ज्यांच्या व्यवसायातला रोजचा धोका होता, त्यांच्या खेळात तळ राखण्याचे काम बायकांकडे असावे, याला त्या व्यवसायाच्या व्यवहारात आधार आहे. गोणींची थप्पी लावून पुरुष बैल चारायला गेले की मागे मुक्कामावर बायकाच राहत.

मूळ प्रदेशाशी असलेला धागा या विधींत दिसतो. मारवाड आणि मेवाडमध्ये आजही नवजात मुलासाठी होळीला ढूंढ करतात, काठीवर काठी आपटतात. तिथला होळीचा काठ्यांचा फेर गेर या नावाने प्रसिद्ध आहे. बंजाऱ्यांची गोरबोलीही राजस्थानी बोलींच्या कुळातली आहे. परंतु कित्येक पिढ्यांच्या वाटचालीत मारवाड हे परत जाण्याचे ठिकाण राहिले नाही. तांड्यावर पूज्य असलेले सेवालाल दख्खनचे, त्यांच्या नावाने जिथे यात्रा भरते ते पोहरादेवी वाशीम जिल्ह्यातले, आणि लेंगीतले नायक निजामाच्या मुलखातले आहेत. जंगी-भंगींची कथाही दख्खनच्याच मोहिमेची आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लदेणी बसली. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८७१ मध्ये रायचूरपर्यंत पोहोचली, तर मनमाड ते हैदराबाद ही गोदावरी खोऱ्यातील रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली. बीड शहराला प्रवासी रेल्वे मिळायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावे लागले, तरी लदेणी मोडायला रूळ बीडपर्यंत येण्याची गरज नव्हती. मनमाड, जालना, परभणी असे दूर पल्ल्याचे नाके रेल्वेने धरले की पाठीवरचे ओझे महागच पडणार होते. मिठावरचा कर आणि मिठागरांवरचे सरकारी नियंत्रण यांनी धंद्याची दुसरी बाजूही कापली. त्यात ब्रिटिश सरकारचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला आणि हैदराबाद संस्थानानेही त्याच धर्तीचा बंदोबस्त केला. कालपर्यंत ज्याच्या फिरण्यावर फौजा जगत, त्याचे फिरणे हाच आता संशयाचा पुरावा ठरला. तांडे डोंगरांच्या कुशीत स्थिरावले ते या काळात, आणि चांगली काळी जमीन आधीच गावांकडे असल्याने त्यांच्या वाट्याला माळ, उतार आणि गायराने आली. लाकूडफाटा, गवत, मोहाची फुले, सालगडीपणा, राखणदारी यांवर पुढच्या दोन-तीन पिढ्या गेल्या. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला, पण त्यामुळे कोणाच्या नावावर जमीन चढली नाही.

बालाघाटातील माणसाला पुन्हा वाटेला लावले ते उसाने. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाल्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढत गेले आणि त्यांना हंगामापुरते तोडणी मजूर लागू लागले. १९७२ च्या दुष्काळानंतर बीड जिल्ह्यातून जाणाऱ्यांची संख्या फार वाढली. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार हे त्यांचे मुख्य तालुके ठरले. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणून मोजतात. मुकादम हंगामाआधी त्यांना उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो आणि ती तोडणीच्या मजुरीतून फेडून घेतली जाते. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्याच्या हद्दीत पाचट, बांबू आणि ताडपत्रीच्या कोप्यांत राहतात. वंजारी, मराठा, दलित, मुस्लिम अशा सर्वच समाजांतील माणसे या टोळ्यांत आहेत. बंजाऱ्यांच्या बाबतीत मात्र त्यांचे जुने पंचांग जवळपास जसेच्या तसे परत आले आहे: दसऱ्यानंतर निघणे, उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत बाहेर, पावसाळ्यात तांड्यावर. बैलगाडी सेंटरला, म्हणजे तोडलेला ऊस बैलगाडीने वाहणाऱ्या टोळ्यांत, जाणाऱ्यांच्या दावणीला बैलही असतातच, फक्त ओझे दुसऱ्याच्या मालकीचे असते. ते लदेणीतही पुष्कळदा तसेच होते. फरक पडला तो धन्यात. नायकाने तांड्याच्या वतीने व्यापारी किंवा फौजदाराशी सौदा करायचा ही जुनी रीत होती. मुकादम प्रत्येक कोयत्याशी वेगळा सौदा करतो आणि उचल ज्याच्या-त्याच्या नावावर चढते.

म्हणूनच तीजेपेक्षा होळीची ओढाताण आता अधिक होते. श्रावणात माणसे तांड्यावरच असल्याने तीज आपसूक होते. होळीचे मात्र कारखान्याच्या गाळपावर ठरते. ऊस कमी पडून पट्टा लवकर पडला, म्हणजे हंगाम संपला, तर माणसे होळीला तांड्यावर पोहोचतात. हंगाम लांबला तर कोप्यांच्या तळावरच पहाटे होळी पेटते, डफ वाजतो आणि लेंगी होते, कारण तिला लागते तेवढे सामान तिथेही मिळते. तळावर नायक नसतो, किंवा चार तांड्यांचे चार कारभारी असतात. तेव्हा परवानगी कोणाकडून मागायची हा प्रश्न नुसता शिष्टाचाराचा राहत नाही. ज्याने उचल दिली त्याच्या दारात जाऊन गाणे म्हणायचे, की गैरहजर नायकाचे नाव घ्यायचे, यातून तांडा म्हणजे आता नेमके काय उरले आहे याचा निकाल दर होळीला नव्याने लागतो.

मूळ भूमीपासून दूर गेलेल्या लोकांनी नाचातून वारसा जपण्याची उदाहरणे जगात पुष्कळ आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत सत्तेच्या भीतीने देश सोडलेले लिथुआनियन लोक जर्मनीतल्या निर्वासित छावण्यांतून अमेरिकेत आणि कॅनडात गेले आणि १९५७ मध्ये शिकागो येथे त्यांचा पहिला मोठा लोकनृत्य महोत्सव भरला. तेव्हापासून साधारणपणे चार वर्षांनी तो भरत आला आहे. लिथुआनियातही १९२४ मध्ये काऊनास येथे गीतमहोत्सवाची परंपरा सुरू झालेली होती आणि बाल्टिक देशांच्या या गीत-नृत्य महोत्सवांना युनेस्कोने २००३ मध्ये मानवतेच्या मौखिक आणि अमूर्त वारशाचा उत्कृष्ट नमुना म्हणून मान्यता दिली. मराठी माणसांपुरते बोलायचे तर मॉरिशसला गिरमिटिया म्हणून गेलेल्या कोकणी कुटुंबांनी रत्नागिरीकडची जाखडी झाकरी या नावाने गणेशोत्सवात टिकवली, आणि उत्तर अमेरिकेत १९८१ मध्ये स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनांत लावणीपासून लेझीमपर्यंत सगळे रंगमंचावर येते. शिकागोच्या लिथुआनियन निर्वासिताला आपला देश नकाशावर दाखवता येत होता आणि तो एक दिवस मोकळा होईल अशी आशा धरता येत होती. त्याच्या नाचाची दिशा त्या देशाकडे होती. लेंगीला तशी दिशा नाही. तिच्यातला तांडा हाच देश आहे आणि तो नाचणाऱ्यांबरोबर चालत असतो. म्हणूनच लेंगीला शतकानुशतके प्रेक्षक लागला नाही, आणि कड्याच्या बाहेर उभे राहून पाहणाऱ्याला ती काहीशी एकसुरी वाटते.

प्रेक्षक आता आले आहेत. १५ फेब्रुवारीच्या सेवालाल जयंतीच्या मिरवणुका, शाळांची स्नेहसंमेलने, सरकारी महोत्सव यांत बंजारा नृत्य हा ठरलेला कार्यक्रम झाला आहे. कडे मोडून एका रांगेत, प्रेक्षकांकडे तोंड करून, ध्वनिमुद्रित गाण्यावर, भाड्याच्या एकसारख्या पोशाखात ते नाचले जाते. घुगरी-टोपली तिथे अविवाहित मुलीही घालतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. नगाऱ्याच्या आकाराच्या त्या वास्तूत समाजाचा इतिहास मांडलेला आहे. अशा मांडणीचा उपयोग मोठा आहे, विशेषतः ज्यांच्याविषयी शंभर वर्षे बहुतेक पोलिसांनीच लिहिले त्यांच्यासाठी. परंतु रंगमंचावर सर्वांत आधी गळते ते नायकाच्या दारातले परवानगीचे गाणे, कारण प्रेक्षकाच्या दृष्टीने ते निव्वळ प्रास्ताविक असते.

या नाचाला अलीकडे आणखी एक, काहीसे अनपेक्षित काम लागले आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले आणि एकाच मुलखातले तांडे तीन राज्यांत गेले. तेलंगणात लंबाडा म्हणवणाऱ्या बंजाऱ्यांना १९७६ च्या दुरुस्तीने अनुसूचित जमातींत स्थान मिळाले, कर्नाटकातील लंबाणी अनुसूचित जातींत गणले गेले आणि महाराष्ट्रातील बंजारे विमुक्त जातींच्या अ गटात राहिले. सय्यद सिराज-उल-हसन यांच्या १९२० मधील निजामाच्या मुलखातील जाती-जमातींवरील ग्रंथात मात्र ते सारे एकाच प्रकरणात आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने मराठा आरक्षणासाठी निजामकालीन नोंदींचे हैदराबाद गॅझेट स्वीकारल्यावर बंजाऱ्यांनी त्याच आधाराने अनुसूचित जमातींत समावेशाची मागणी केली, आणि बीड व जालना येथे मोठे मोर्चे निघाले. जमात ठरवण्यासाठी लोकूर समितीने १९६५ मध्ये सांगितलेल्या पाच निकषांत वेगळी संस्कृती हा एक निकष आहे. फेटिया-काचळी घालून मोर्चात उतरलेल्या स्त्रियांचा पोशाख आणि डफाचा ताल हे त्या निकषाचे उत्तर म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयासमोर मांडले गेले. मोर्चा झाल्यावर पंधरा-वीस दिवसांत दसरा होता, आणि धारूरच्या तांड्यांवर मुकादमांच्या गाड्या येण्याचे दिवसही तेच होते.